डब्यातली दोन पिवळी काडतुसं

बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलं की दारात खुर्ची टाकून बसलेले गार्डमामा दिसतात. खांद्याला लांबलचक बंदूक, कमरेच्या पट्ट्यात ओळीने खोचलेली लाल काडतुसं. वर्षानुवर्षं आपण त्या बंदुकीसमोरून ये-जा करतो, रांगेत उभ्या राहून तिच्याकडे टक लावून पाहतोही. पण ती किती ‘बोअर’ची आहे असं कुणी विचारलं, तर? मी तरी सरळ मान हलवली असती. बोअर म्हटलं की मला आठवायची ती शेतातली, पाण्याची!

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आला तो माझ्या मावशीमुळे. मावशीचं गाव आजरा तालुक्यात, जंगलाच्या कडेला. उसात, भुईमुगात रानडुकरं घुसतात, म्हणून तिच्या सासऱ्यांपासून घरात शेती संरक्षणाची परवान्याची बंदूक. ती पुढे काकांच्या नावावर आली. गेल्या श्रावणात काका गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि पंधराएक दिवसांनी पोलीस पाटील दारात येऊन म्हणाले, “आक्का, बंदूक ठाण्यात जमा करावी लागंल. कागदावर लिवायला पायजे, किती बोअरची हाय? काडतुसं किती?”

मावशी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. मावसभाऊ पुण्यात कंपनीत, त्याला फोन लावला तर तोही म्हणाला, “मला काय माहीत? बाबा हात लावू द्यायचे नाहीत.”

मावशीने चाळीस वर्षं त्या घरात संसार केला. दर खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं. काकांचा रक्तदाब किती, कुठल्या गाईला कधी वासरू झालं, सोसायटीचं कर्ज किती फिटलं, हे सगळं तिच्या जिभेवर. बंदुकीबद्दल मात्र तिला एकच गोष्ट सांगितलेली होती : “तू तिकडं जाऊ नकोस.” काळजीपोटीच सांगितलं असणार, त्यात वाद नाही. पण काका गेल्यावर घरात ती बंदूक होती आणि मावशी होती. आणि धान्याच्या कणगीमागे काडतुसांचा एक पत्र्याचा डबा.

शेवटी आम्ही सुभेदारमामांना बोलावलं. पलटणीतून निवृत्त होऊन तालुक्याच्या गावी बँकेत गार्ड म्हणून लागलेले, नात्यातलेच. ते आले, पण बंदुकीला हात लावेनात. “तिचा परवाना माझ्या नावावर न्हाई. पाटलांबरोबर ठाण्यात न्यायची, तिथंच उघडायची. तवर तुमी बी हात लावू नका. रिकामी हाय असं धरून चालायचं न्हाई, भरलेली हाय असंच धरायचं.” मग चष्मा लावून ते डब्याशी बसले. काडतुसं उलटी करून एकेकाचं पितळी बूड वाचायला लागले. लाल काडतुसं एका बाजूला ठेवली. तळाशी दोन पिवळी सापडली, ती मात्र त्यांनी उचलून चक्क दुसऱ्या वाटीत टाकली.

“ही कुणाची?” त्यांनी विचारलं.

मावशीला आठवलं. सासऱ्यांचे एक मित्र फार पूर्वी शिकारीला यायचे (वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, म्हणजे त्याच्याही आधीची गोष्ट). त्यांची बंदूक जरा नाजूक होती. त्यांचीच राहिली असतील.

“आक्का, ही दोन या डब्यात नको होती,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकायची थांबले. मला वाटलं होतं, पिवळी तर लालपेक्षा बारीक आहेत, म्हणजे कमी धोक्याची! तिथून पुढे तासभर त्यांनी आम्हा दोघींची शिकवणी घेतली. ती मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांच्या भाषेत सांगायचं तर पलटणीत भरती व्हावं लागेल.

आधी ‘बोअर’. बोअर म्हणजे पोकळी. शेतातली सहा इंची, साडेसहा इंची बोअर म्हणजे जमिनीतलं तेवढ्या रुंदीचं भोक. बंदुकीची बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीची रुंदी. इतकं सोपं. पण मग ‘बारा बोअर’ म्हणजे काय? बारा इंच? बारा मिलिमीटर? दोन्ही नाही. इथे इंग्रजांच्या जमान्याचं एक गमतीदार माप आहे आणि ते आपल्याइतकं पटकन कुणालाच कळणार नाही.

समजा, एक पौंड शिसं आहे, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. त्याचे अगदी सारखे बारा लाडू वळले. एक लाडू सुमारे ३८ ग्रॅमचा झाला. हा लाडू ज्या नळीत बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची. तिची रुंदी भरते साडेअठरा मिलिमीटर, म्हणजे गावठी बोराएवढी. आता त्याच एक पौंडाचे वीस लाडू वळा. लाडू लहान झाला ना? तो ज्या नळीत बसेल ती वीस बोअर, रुंदी सुमारे साडेपंधरा मिलिमीटर. सोळा बोअर या दोघींच्या मधली. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक! इंग्रजी पुस्तकांत याच मापाला ‘गेज’ म्हणतात, आपल्याकडे बोअर म्हणायची पद्धत पडली. बोअर म्हणा नाहीतर गेज म्हणा, बारा ती बाराच.

उलटा आकडा ऐकून गोंधळायचं कारण नाही. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरकडच्या मैत्रिणींना तर हे घरचंच आहे. सुताचा काउंट असाच मोजतात : एक पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो काउंट. म्हणून साठ काउंटचं सूत चाळीसपेक्षा तलम. विजेच्या तारेचा गेज वाढला की तार बारीक होते, तीही अशीच उलटी चाल. आणि बाजारात सोललेली कोळंबी घेताना ‘किलोला किती बसतात’ असं आपण विचारतोच की.

याला अपवाद एक आहे, चारशे दहा. ४१० बोअर म्हणून जी लहान बंदूक मिळते, तिचा हिशेब लाडवांचा नाही. तो सरळ इंचाचा आहे, पॉइंट चार-एक-शून्य इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर. लाडवांच्या हिशेबाने ती सदुसष्ट-अडुसष्ट बोअर झाली असती. असं का? तर तशी पद्धत पडून गेली. आपल्याकडे बांगडीचं माप कुठे धड आहे! ‘दोन-चार’ म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच असं सांगायला जाल तर कासार हसेल. ते दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. पण माप कशाचं हे माहीत नसताना आपण नुसतं ‘दोन-सहा द्या’ म्हणतो आणि बांगडी बरोबर बसते.

बंदुकीचं तसं चालत नाही. आता त्या पिवळ्या काडतुसांकडे येऊ.

बारा बोअरच्या नळीत मागच्या बाजूने काडतूस घालतात. काडतुसाच्या पितळी बुडाला जरा बाहेर आलेली कड असते. ती कड नळीच्या तोंडाशी अडते, म्हणून काडतूस जागेवर राहतं. वीस बोअरचं काडतूस बारीक. ते बारा बोअरच्या नळीत टाकलं तर कड अडत नाही. ते घरंगळून पुढे जातं आणि नळीत अशा जागी जाऊन बसतं, की मागून बघणाऱ्याला नळी रिकामीच वाटावी. अंधारात, घाईत, डुकरं आली म्हणून धावताना माणसाला वाटतं, अरे, काडतूस घातलंच नाही वाटतं. मग तो मागून बारा बोअरचं लाल काडतूस घालतं आणि चाप ओढतो. मागचं काडतूस पुढच्यावर जाऊन आदळतं आणि नळी फुटते. नळीला आधार द्यायला डावा हात नेमका तिथेच धरलेला असतो.

म्हणूनच जगभरच्या बहुतेक कंपन्या वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात. लाल-हिरव्यात ते चटकन वेगळं ओळखू यावं म्हणून. हा नुसता शोभेचा रंग नाही. पण रंगावर विसंबूही नका, असं मामांचं म्हणणं. जुनी कागदी काडतुसं कुठल्याही रंगाची असू शकतात. खरी ओळख बुडावर ठोकलेला आकडा. मावशीच्या लाल काडतुसांवर ‘१२’ होता, पिवळ्यांवर ‘२०’. चाळीस वर्षं ती दोन्ही एकाच डब्यात शेजारी शेजारी पडून होती!

लाल काडतुसांतही एक मेख निघाली. बोअर जुळली म्हणजे झालं असं नाही, लांबीही जुळावी लागते. जुन्या विलायती बंदुका बहुधा अडीच इंची काडतुसाच्या, म्हणजे ज्याला पासष्ट मिलिमीटर म्हणतात त्या. नवी काडतुसं सत्तर मिलिमीटरची. गंमत अशी, की ही लांबी बार उडाल्यानंतरची असते. काडतुसाचं तोंड करंजीची कड दुमडावी तसं दुमडलेलं असतं. ते उडताना उलगडतं आणि काडतूस लांब होतं. म्हणून सत्तरचं न उडालेलं काडतूस पासष्टच्या जागेत छान बसतं. बसलं म्हणून चालणारं आहे असं वाटतं. उडताना तोंड उलगडायला मात्र जागा नसते, दाब वाढतो आणि जुन्या नळीला तो सोसत नाही. “बसतंय म्हंजे चालतंय, असं बंदुकीत कधी म्हणू नये,” हे मामांचं वाक्य मावशीने पाठच करून टाकलंय.

बारा बोअरच्या काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. त्यांचेही नंबर असतात आणि तेही उलटे. आठ नंबर बारीक मोहरीसारखे म्हणा, एक नंबर मोठे, आणि एलजी, एसजी म्हणजे त्याहून मोठे. याहून जास्त खोलात आम्ही गेलो नाही, कारण तोपर्यंत चहा गार झाला होता.

आता दुसरा प्रकार, ज्याला कॅलिबर म्हणतात. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांचं माप. बातम्यांत आपण वाचतो, ‘थ्री नॉट थ्री’, ‘पॉइंट थर्टी टू’, ‘सेव्हन पॉइंट सिक्स टू’. इथे लाडू नाहीत, सरळ माप आहे. पण ते कधी इंचात, कधी मिलिमीटरमध्ये. इंचातलं असेल तर पुढचा ‘पॉइंट’ बोलताना गळून पडतो आणि तिथे फसगत होते. थ्री नॉट थ्री म्हणजे ३०३ नव्हे, ०.३०३ इंच. आता सांगा, ०.३०३ मोठं की ०.३२? पाचवीतल्या मुलाचा अभ्यास घेणारी आई लगेच सांगेल, ०.३२ मोठं. कारण ते ०.३२० आहे. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.२२ म्हणजे ५.६, ०.३०३ म्हणजे ७.७, ०.३१५ म्हणजे ८ आणि ०.३२ म्हणजे ८.१.

म्हणजे पर्समध्ये मावणारं ०.३२ चं रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या थ्री नॉट थ्री रायफलपेक्षा जास्त ताकदीचं? मीही हाच प्रश्न विचारला. मामा हसले. कॅलिबर फक्त रुंदी सांगतं. गोळीच्या मागे पितळी नळकांडं किती लांब आणि त्यात दारू किती, हे सांगत नाही. थ्री नॉट थ्रीचं काडतूस आपल्या मधल्या बोटाएवढं लांब, तिची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून जास्त वेगाने सुटते. ०.३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस अंगठ्याच्या पेराएवढं, वेग दोनशे मीटरच्या आसपास. एकाच मापाच्या दोन पातेल्यांत कोण किती शिजवतं, ते तोंडाची रुंदी बघून कळत नाही, तसंच हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर अतिरेक्यांच्या हातात एके-४७ होत्या आणि समोर काही जवानांकडे जुन्या थ्री नॉट थ्री. आकडे बघाल तर एके-४७ चं कॅलिबर ७.६२ मिलिमीटर, थ्री नॉट थ्रीचं ७.७. जुनीच थोडी मोठी! फरक कॅलिबरमध्ये नव्हताच. एक बंदूक चाप दाबून धरला की गोळ्यांची रांग लावते, दुसरीचा खटका दर गोळीला हाताने मागे-पुढे करावा लागतो.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मी कपाळाला हात लावला. ०.३२ ची काडतुसंही सगळी एक नाहीत. रिव्हॉल्व्हरचं ०.३२ वेगळं, पिस्तुलाचं ०.३२ वेगळं. बातमीत ‘७.६५ एमएम पिस्तूल’ असं लिहितात, ते म्हणजे हे पिस्तुलाचं ०.३२. एकाच काडतुसाची दोन नावं आणि एकाच नावाची दोन काडतुसं! म्हणून शस्त्रावर जे पूर्ण नाव कोरलेलं असतं, तेच काडतुसाच्या बुडावर आणि डब्यावर आहे का, हे अक्षर न् अक्षर जुळवायचं. नुसता आकडा जुळून भागत नाही.

जाता जाता, ०.३१५ ची रायफल आपल्याकडे का दिसते, याचीही एक कथा आहे. थ्री नॉट थ्री हे इंग्रज सरकारच्या फौजेचं काडतूस. ते सामान्य माणसाच्या हाती नको, म्हणून नागरिकांसाठी वेगळं माप ठेवलं. आजही कायद्यात प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर असे दोन भाग आहेत. बारा बोअर, ०.३१५, ०.३२ हे अप्रतिबंधित. परवान्यावर नेमकी बोअर लिहावी लागते ती त्यासाठी.

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं ०.३२ चं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर खास बायकांसाठी म्हणून. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा वर्तमानपत्रांत त्याच्या हलकेपणाचं आणि मखमली पेटीचं फार कौतुक झालं. मला आता वाटतं, बायकांना हलकं शस्त्र देण्याची जेवढी घाई असते, तेवढी ते वाचायला शिकवण्याची नसते.

खरं तर हे माप कोळून प्यायलेल्या बायका आपल्याच भागात आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, ते ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात, ०.२२ च्या गोळीवर. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं, तिचीही गोळी ०.२२ ची. मुंबईची अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेली, ती एअर रायफलमध्ये. त्यात दारू नसतेच, हवेच्या दाबाने साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. आणि दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका किती असतो? अर्धा मिलिमीटर! रवाळ मिठाच्या कणाएवढा. यांच्या गोळ्या सगळ्यांत लहान आणि नाव सगळ्यांत मोठं.

बरं, मावशीच्या बंदुकीचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील, मामा आणि मावशी ठाण्यात गेले. तिथे हवालदारांनी बंदूक उघडून बघितली. रिकामी निघाली. पण चाळीस खंडेनवमींना ती रिकामी होती की नाही, हे तिच्यापुढे बसून ओवाळणाऱ्या मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. बंदूक दुनळी, बारा बोअर, काडतुसाची जागा अडीच इंची, नंबर अमुक, असा सगळा तपशील लिहून घेतला. काडतुसं मोजून घेतली, पिवळी दोन वेगळी नोंदवली आणि पोच दिली.

घरात असं शस्त्र मागे राहिलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला की बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची आणि पावती जपून ठेवायची. जुनी काडतुसं विहिरीत टाकणं, उकिरड्यात पुरणं, चुलीत घालणं असले उद्योग करायचे नाहीत, तीही जमाच करायची. वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. इतर वारसांची ना हरकत लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वडिलोपार्जित धरून. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने लग्नावरातीत आनंदाने बार काढणंही गुन्हा ठरवलंय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

परवाना कुणाच्या नावावर मागायचा, यावर घरात बरीच चर्चा झाली. मावसभाऊ म्हणाला, “आई, विकून टाकू.” धाकट्या दिरांनी आपलं नाव सुचवलं. मावशी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “रानात मी राहते. डुकरं माझ्या उसात येतात. अर्ज मी करते.”

मागच्या महिन्यात मी तिच्याबरोबर कोल्हापूरला जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. तिच्या नऊवारीकडे बघून माझ्याकडे वळून विचारलं, “शस्त्राचा तपशील कुणाला माहिती आहे? बोअर किती?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढे सरकली. “बारा,” ती म्हणाली. “दुनळी. काडतूस अडीच इंची, सत्तरचं चालत न्हाई. लिवा.”